सिंगापूरची शिस्त आणि तिची पावती

आडवाटेचा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतील दोन कुटुंबे सिंगापूरची पाच दिवसांची सहल करून आली. पुढच्याच सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून वाद पेटला, तेव्हा त्यांच्यातल्या एका काकांनी हात वर करून सांगितले की या देशाला एक ली क्वान यू, म्हणजे सिंगापूरच्या पहिल्या पंतप्रधानासारखा माणूस, मिळाला तर दहा वर्षांत सगळे सरळ होतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण त्या शहरात अकरा वर्षे राहून आलो आहे असे म्हटले असते तर चर्चा पार्किंग सोडून तिथल्या पगारावर घसरली असती. घरी आल्यावर मात्र ती डोलावलेली मान मला स्वस्थ बसू देईना, म्हणून हा धागा.

आधी जे खरे आहे ते मान्य करून टाकतो. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे १६,००० माणसे बेघर झाली. गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, आदल्याच वर्षी स्थापन झाले होते. त्याने त्या भागात झपाट्याने पक्क्या इमारती उभ्या केल्या आणि मग थांबलेच नाही. आज तिथले तीन चतुर्थांशाहून अधिक रहिवासी एचडीबीच्या घरांत राहतात आणि त्यांतील बहुतेकांनी ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकत घेतलेली आहेत. म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षे नाव शोधणाऱ्यांना याचे मोल मी सांगायला नको. मात्र ही घरे ज्या जमिनीवर उभी आहेत तिच्यातली पुष्कळशी १९६६च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावापेक्षा बरीच कमी भरपाई देऊन घेतलेली आहे, आणि तिथे मालकाचे गाऱ्हाणे फारसे चालत नव्हते.

ली क्वान यू यांनी हा व्यवहार कधी लपवला नाही. १९८०च्या दशकात त्यांनी जाहीरपणे सांगितले होते की नागरिकांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ केल्याचा आरोप माझ्यावर होतो, पण ती केली नसती तर आपण इथवर पोचलोच नसतो; शेजारी कोण असावा, कसे राहावे, कसे थुंकावे, कोणती भाषा बोलावी, हे सगळे त्यांच्या मते सरकारच्या अखत्यारीत येत होते. च्युइंग गमवरची १९९२ची बंदी आणि दंडाच्या पाट्या यांवर मी वेळ घालवत नाही. त्या दंडांची यादी छापलेले टी-शर्ट तिथे पर्यटकांना विकले जातात, म्हणजे ती गोष्ट केव्हाच विनोदाच्या खात्यात जमा झालेली आहे.

ज्या गोष्टींची पाटी नसते त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे. तिथल्या राजकीय बोलीत ‘ओबी मार्कर’ हा शब्द १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ आहे. तो गोल्फच्या मैदानावरून आला: ज्या खुंट्यांपलीकडे चेंडू गेला की बाद धरतात, त्या खुंट्या. जाहीर चर्चेत कुठवर जायचे त्याची ही हद्द. फरक एवढाच की मैदानावरच्या खुंट्या डोळ्यांना दिसतात आणि या खुंट्या कुठे रोवल्या आहेत ते चेंडू बाद झाल्यावरच कळते. त्यामुळे शहाणा माणूस हद्दीच्या पुष्कळ अलीकडेच खेळतो.

२०१५च्या निवडणुकीच्या आठवड्यात आम्ही चौघे सहकारी कार्यालयाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सामायिक जागेत, जेवत होतो. आमच्यातला एक पन्नाशीचा स्थानिक अभियंता हा वाद घालण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. मिरचीच्या चटणीत लिंबू असावे की नसावे यावर त्याने एकदा अर्धा तास खर्ची घातला होता. मी त्याला सहज विचारले की यंदा मत कोणाला. जागा अडवण्यासाठी टेबलावर ठेवलेले टिश्यूचे पाकीट त्याने उचलले, फोडले, सावकाश हात पुसले, शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “आधी जेवून घे.” परतताना भुयारी मार्गात, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, तो एवढेच बोलला, “मतपत्रिकेवर अनुक्रमांक असतो, ठाऊक आहे ना?” तो असतो हे खरे आहे. तो बनावट मतपत्रिका रोखण्यासाठी असतो आणि मत गुप्तच राहते, असे निवडणूक विभाग दर निवडणुकीत समजावून सांगतो. हे त्या अभियंत्यालाही पाठ होते. तरी पन्नाशीपर्यंत त्या अनुक्रमांकाने त्याची पाठ सोडली नव्हती, आणि ते घडवून आणण्यासाठी कोणाला काहीच करावे लागले नव्हते.

आता सेंटोसा या सहलीच्या बेटाबद्दल. आपली माणसे तिथे केबल कारने जातात, मत्स्यालय पाहतात आणि थेपल्यांचे डबे उघडतात. मीही पाहुण्यांना घेऊन किमान सहा वेळा गेलो असेन. चिया थाय पो या विरोधी पक्षाच्या खासदाराला ऑक्टोबर १९६६मध्ये अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडले गेले आणि कोणताही खटला न चालवता २३ वर्षे डांबून ठेवले गेले. १९८९मध्ये त्यांना तुरुंगातून काढून याच सेंटोसावर, पहारेकऱ्यासाठी बांधलेल्या एका खोलीत ठेवले, आणि आता ते ‘मोकळे’ असल्यामुळे त्या खोलीचे भाडे त्यांनीच भरावे असे ठरले. शेवटचे निर्बंध १९९८मध्ये उठले, म्हणजे अटकेनंतर ३२ वर्षांनी. अकरा वर्षांत ही गोष्ट मला तिथे एकाही माणसाने सांगितली नाही. मी ती पुण्यात परतल्यावर वाचली.

माझा प्रश्न असा आहे की या शिस्तीची पावती नेमकी कोणाच्या नावाने फाटली, आणि ज्यांच्या नावाने फाटली त्यांनाच माल मिळाला का. जे तिथे राहिले आहेत त्यांनी स्वतः पाहिलेले लिहावे. ‘आपल्याकडे तरी काय वेगळे आहे’ असे प्रतिसाद येणारच. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढता येईल.

पाणकावळा

आपल्याकडे स्वातंत्र्याचा उपयोग प्रामुख्याने रस्त्यावर थुंकण्यासाठी आणि रात्री बारानंतर डीजे वाजवण्यासाठी होतो. त्यातले थोडे विकून वेळेवर बस मिळणार असेल, तर माझ्या वाट्याचे स्वातंत्र्य मी आजच विकायला काढतो. कोणी गिऱ्हाईक असल्यास कळवावे.

ताम्हण

मी सोळा वर्षे इथे राहते आहे आणि अजून राहतेच आहे, त्यामुळे धागाकर्त्यांपेक्षा वेगळ्या जागेवरून लिहिते.

माझी मुलगी नाटकाची तालीम संपवून आठवड्यातून दोनदा शेवटच्या एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटी घरी येते. स्टेशनपासून घर बारा मिनिटांवर आहे. वाटेत दोन ब्लॉकखालचे व्हॉइड डेक लागतात, म्हणजे इमारतीचा तळमजला जो मोकळा सोडलेला असतो तो. तिथे त्या वेळीही एखादे आजोबा एकटेच बाकावर बसलेले असतात. ती किल्लीने दार उघडते तेव्हा मी झोपलेली असते. मी नागपुरात वाढले. धरमपेठेतली शिकवणी साडेसातला सुटायची आणि बाबा कोपऱ्यावर स्कूटर घेऊन उभे असायचे, पावसातसुद्धा, कारण ते नसते तर शिकवणीच बंद झाली असती. संविधानाने मला दिलेले संचारस्वातंत्र्य रोज संध्याकाळी साडेसातला संपत असे, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारला कायदा करावा लागलेला नव्हता.

तेव्हा स्वातंत्र्य विकले म्हणताना कोणाचे, हेही विचारावे. माझ्यापुरते सांगायचे तर मी सरकारविरुद्ध फलक घेऊन उभे राहण्याचा हक्क, जो मी नागपुरात एकदाही वापरला नव्हता, दिला आणि मध्यरात्री रस्त्याने चालण्याचा हक्क घेतला. मला हा सौदा तोट्याचा वाटत नाही. शिवाय तुम्ही म्हणता त्या सरकारला लोक दर पाच वर्षांनी मतेही देतात. मे २०२५च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला ६५.५७ टक्के मते मिळाली. एवढ्या सगळ्यांना अनुक्रमांकाची भीती वाटली असे म्हणणे हा त्या मतदारांचा थोडा अपमान आहे, असे मला वाटते.

मुक्काम_पोस्ट

धागाकर्ते आणि ताम्हणताई दोघांचेही मला पटते आहे, ही माझी अडचण आहे. माझा अनुभव घराचा आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

१ मार्च १९८९पासून एचडीबीच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये आणि परिसरात कोणत्या वंशाची किती घरे असावीत याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. चिनी, मलय आणि ‘भारतीय व इतर’ असे तीन गट. आपल्या गटाची मर्यादा सध्या परिसरात १२ टक्के आणि ब्लॉकमध्ये १५ टक्के आहे. १९६४मध्ये तिथे वांशिक दंगली झाल्या होत्या, आणि एकाच वंशाच्या वस्त्या तयार होऊ नयेत हा यामागचा हेतू आहे. हेतूबद्दल मला तक्रार नाही. मी मुंबईत भाड्याने घर शोधत असताना मासे खाणारा म्हणून दोन सोसायट्यांनी मला दारातूनच परत पाठवले होते, आणि सिंगापुरात मात्र माझ्या मजल्यावर एक मलय, दोन चिनी आणि एक तमिळ कुटुंब होते, आणि ईदच्या खाऊचा डबा आमच्याकडून चकल्या भरून परत जात असे. हे आपोआप झालेले नव्हते, ते कोणीतरी नियमाने घडवून आणले होते.

घर विकायची वेळ आली तेव्हा त्याच नियमाची दुसरी बाजू दिसली. आमच्या ब्लॉकमध्ये चिनी मर्यादा भरलेली होती. ती भरली की चिनी खरेदीदाराला फक्त चिनी विक्रेत्याकडूनच घर घेता येते. दलालाने पहिल्याच भेटीत एचडीबीच्या संकेतस्थळावर ब्लॉकचा क्रमांक टाकला, पडदा माझ्याकडे वळवला आणि शांतपणे सांगितले की तीन चतुर्थांश बाजार तुमच्यासाठी बंद आहे. दोन मजले खालचे, तंतोतंत आमच्यासारखे घर तिथल्या चिनी शेजाऱ्याने तीन आठवड्यांत विकले. आमचे सात महिने पडून राहिले आणि पुष्कळ कमी किमतीला गेले. शेजाऱ्याचा यात काहीच दोष नव्हता; तो बिचारा मला लिफ्टमध्ये भेटला की नजर चुकवायचा. अल्पसंख्याकांना या नियमाची झळ बसते हे सरकारनेही मान्य केलेले आहे. सलोखा सगळ्यांनी उपभोगला आणि त्याची वर्गणी आम्ही काही जणांनी भरली, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. तिथे शाळेत ‘मातृभाषा’ हा सक्तीचा विषय असतो. भारतीय वंशाच्या मुलाला तमिळ घेता येते किंवा हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू यांपैकी एक. मराठी या यादीत नाही. त्यामुळे माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मातृभाषेपुढे हिंदी लागली, आणि दिवाळीत आलेल्या आजीला त्याने अगदी निरागसपणे सांगितले की माझी मातृभाषा हिंदी आहे, पण मला मराठीपण येते. आजी हसली. मला हसू आले नाही.

आमच्याहून मोठी किंमत माझ्या मजल्यावरच्या चिनी आजींनी दिली. त्यांना फक्त होक्कियन येत असे. १९७९मध्ये सरकारने मँडरिन बोला अशी मोहीम सुरू केली, पुढे दूरचित्रवाणीवरून चिनी बोलीभाषा जवळजवळ हद्दपार झाल्या, आणि दोन पिढ्यांत होक्कियन घराघरांतून मागे पडली. त्या आजींची नातवंडे इंग्रजी आणि मँडरिन बोलत. लिफ्टमध्ये त्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि तो मान खाली घालून उभा राहायचा. दोघांमध्ये पूर्ण वाक्य झालेले मी सहा वर्षांत ऐकले नाही.

आडवाटेचा

ताम्हणताई, तुमच्या मुलीच्या बारा मिनिटांपुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. मला फक्त हा सौदा एकगठ्ठा का घ्यावा लागतो हे समजत नाही. रस्त्यावरचे दिवे, नीट पगार मिळणारा पोलीस, वेळेवर येणारी शेवटची गाडी आणि तिच्यात रात्री बसणाऱ्या पुष्कळ बायका यांनी ती वाट सुरक्षित केली आहे. यांपैकी कशासाठी एका माणसाला ३२ वर्षे विनाखटला अडकवणे आवश्यक होते? तैपेईमध्येही मुली रात्री एकट्या फिरतात, आणि तिथला लष्करी कायदा १९८७मध्येच उठला आहे. दुकानदार बासमतीबरोबर खडे गळ्यात मारत असेल, तर खड्यांमुळेच भात चांगला होतो असे आपण म्हणू नये.

त्याच १९८७मध्ये सिंगापूरने २२ जणांना मार्क्सवादी कटाच्या आरोपावरून विनाखटला पकडले होते. त्यांत चर्चच्या कामातले, नाटकातले आणि वकिलीतले लोक होते; काही जण परदेशी मजुरांना आणि मोलकरणींना मदत करणारे होते. डिसेंबर १९८८मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अशा स्थानबद्धतेची कारणे न्यायालय तपासू शकते असा निकाल दिला. पुढच्याच महिन्यात संसदेने संविधान आणि कायदा दोन्ही दुरुस्त करून ती वाट बंद केली. न्यायाधीशांनी कुलूप उघडले आणि सरकारने भिंतच बांधून टाकली.

पाणकावळा यांना: तुम्ही थुंकण्याचे स्वातंत्र्य विकायला काढले आहे, पण गिऱ्हाइकाला ते नकोच असते. त्याला तुमचे दुसरेच काहीतरी हवे असते.

क्युरिंग_२८_दिवस

मी तिथे २०१८ ते २०२२ बांधकामाच्या साइटवर होतो. वरच्या चर्चेत ज्यांचा उल्लेखही आला नाही अशा माणसांबद्दल लिहितो. ती इथे लिहिणार नाहीत.

सिंगापूर ज्यांच्या हातांनी बांधले जाते ते वर्क परमिटवरचे मजूर शहराच्या कडेला डॉर्मिटरीत राहतात. एका खोलीत बारा, सोळा, कधी वीस माणसे, दुमजली लोखंडी खाटा. सकाळी ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवून त्यांना साइटवर आणतात. गाडीत पट्टा न लावल्याबद्दल दंड करणाऱ्या शहरात हौद्यात बसलेल्या मजुराला पट्टाच नसतो, आणि ते कायद्याने चालते. नियंत्रण परिपूर्ण असते तेव्हा कोणावर काय लागू करायचे नाही, हेही काळजीपूर्वक ठरवलेले असते.

एप्रिल २०२०मध्ये डॉर्मिटऱ्यांत करोना पसरला आणि त्या बंद केल्या गेल्या. डिसेंबरपर्यंत डॉर्मिटऱ्यांतील सुमारे ३,२३,००० मजुरांपैकी ४७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला होता. उपचार फुकट झाले आणि मृत्यू फारच थोडे झाले, हे सरकारच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण शहर जून २०२० नंतर टप्प्याटप्प्याने उघडत गेले आणि हे लोक आतच राहिले: काम, ट्रक, डॉर्मिटरी, आणि परवानगी मिळाली तर ठरवून दिलेल्या मनोरंजन केंद्रात काही तास. सप्टेंबर २०२१मध्ये, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाने, लसीकरण झालेल्या मजुरांना प्रायोगिक तत्त्वावर लिटल इंडियात जाऊ देण्याचे ठरले. आठवड्याला जास्तीत जास्त ५०० जण, सहा तास.

मी भाड्याच्या खोलीत राहत होतो, म्हणून मला बाहेर फिरता येत होते. माझ्या हाताखाली तंजावरकडचा एक सळई बांधणारा कारागीर होता. त्याचा हात इतका सराईत की सळईवर तारेचा फास तो बोलता बोलता न पाहता आवळायचा. एका रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला आणि मी नेमका सेरंगून रोडवर होतो. तो म्हणाला, “सर, तुमचा चेहरा नको, रस्ता दाखवा.” मी फोन उलटा धरला आणि चालत राहिलो. फुलवाल्याचे दुकान, मग भांड्यांचे, मग वीरमाकालीअम्मन मंदिराचे गोपुर. मध्येच दमून मी हात खाली केला तर आतून आवाज आला, “सर, वर धरा.” मागे त्याच्या खोलीतले आणखी चार-पाच जण होते, कारण प्रत्येक दुकानाशी वेगवेगळे आवाज ‘नल्ला, नल्ला’ करत होते. मी मुस्तफा या मोठ्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो.

ताम्हणताईंचा सौदा त्यांच्यापुरता खरा आहे. या माणसांना मात्र सौद्याला बोलावलेलेच नव्हते. त्यांना मत नाही, संघटना करायची सोय जवळपास नाही, परमिट मालकाशी बांधलेले, आणि हाँग लिम पार्कमध्ये भाषणासाठी जो कोपरा २०००मध्ये राखून दिला आहे तिथेही परदेशी माणसाला परवान्याशिवाय निषेधात उभे राहता येत नाही.

निवृत्त_मास्तर

मी सिंगापूर पाहिलेले नाही आणि आता पाहीन असे वाटत नाही. परंतु शिस्तीचे एक प्रकरण मी जवळून पाहिलेले आहे. आणीबाणीत मी सातारा जिल्ह्यात नवा शिक्षक होतो. खुद्द विनोबांच्या नावाने ‘अनुशासन पर्व’ हे शब्द भिंतींवर रंगवले गेले होते, आणि शाळेत खडूच्या पेट्यांबरोबर नसबंदीच्या केसेसचे उद्दिष्टही येत असे. डिसेंबर १९७५मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात मी मंडपात उभा होतो. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर बसलेले असताना अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. मंडपात एवढी माणसे असून खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. पुढल्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

धागाकर्त्यांनी १९८९च्या दुरुस्तीबद्दल लिहिले ते वाचून मला २८ एप्रिल १९७६चा जबलपूर खटल्याचा निकाल आठवला; आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही असे त्यात ठरले. आपल्याकडे संसदेला भिंत बांधावी लागली नाही. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ती स्वतःच बांधली आणि एकट्या खन्नांनी विरोधी मत लिहिले. फरक एवढाच पडला की आपल्याकडे मार्च १९७७मध्ये निवडणूक झाली आणि लोक रागावलेले आहेत हे सत्ताधाऱ्यांना त्या रात्री मोजणीतून कळले, तोवर त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

सिंगापूरचे मला नवल वाटते ते याच बाबतीत. १९७२मध्ये त्यांनी ‘दोनवर थांबा’ अशी मोहीम काढली. तिसऱ्या मुलापासून बाळंतपणाचा खर्च वाढत असे आणि शाळाप्रवेशात क्रमांक मागे जात असे. लोकांनी ऐकले. १९७०चे दशक संपायच्या आतच जननदर लोकसंख्या टिकण्यासाठी आवश्यक पातळीच्या खाली गेला, तरी मोहीम आणखी दहा वर्षे चालू राहिली. मग १९८३-८४मध्ये पदवीधर मातांनी अधिक मुले जन्माला घालावीत म्हणून सवलती निघाल्या, आणि कमी शिकलेल्या गरीब मातांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी म्हणून रोख रक्कम. पदवीधर मातांची योजना वर्षभरातच गुंडाळावी लागली, कारण त्या वेळी मात्र लोक मतपेटीतून बोलले. १९८७ला ‘परवडत असेल तर तीन’ असे उलटे आवाहन झाले. २०२३मध्ये तिथला जननदर दर स्त्रीमागे ०.९७ मूल एवढा होता. इतक्या आज्ञाधारक वर्गाला शिकवताना शिक्षकाने फळ्यावर चूक लिहिली तर वर्गही ती तशीच उतरवून घेतो, हे मी छत्तीस वर्षे अनुभवलेले आहे.

पाणकावळा

मास्तर, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या की नाही, एवढेच कृपया सांगावे.

निवृत्त_मास्तर

वेळेवर धावत आहेत असे वर्तमानपत्रांत छापून येत होते. उशिरा आल्या असे छापण्याला परवानगी नव्हती, त्यामुळे मला खात्रीने सांगता येणार नाही.

ताम्हण

क्युरिंग यांचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. २०२१मध्ये आम्ही मुलांना घेऊन बागेत जात होतो, आणि डॉर्मिटऱ्यांबद्दल मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. बातम्यांत रोज दोन वेगळे आकडे असायचे, ‘डॉर्मिटरी’ आणि ‘समाज’. ते मजूर समाजात मोडत नाहीत, हे त्या वर्गवारीत लिहिलेलेच होते आणि आम्ही फक्त दुसरा आकडा वाचत होतो.

तरी माझी मुलगी रात्री सुखरूप येते, हे मी मागे घेणार नाही. तैपेईबद्दल धागाकर्ते म्हणतात ते बरोबर असेल, पण मी तैपेईला राहत नाही.

एक गोष्ट मला खुपली होती, ती आता सांगते. करोनाच्या काळात संपर्क शोधण्यासाठी ट्रेसटुगेदर नावाचे अ‍ॅप आणि खिशात ठेवायचा एक छोटा टोकन दिला गेला. ही माहिती फक्त संसर्गाच्या शोधासाठीच वापरली जाईल असे मंत्र्यांनी सांगितले होते. आमच्या ओळखीच्या तीन घरांना मी स्वतः ते पटवून दिले, सासूबाईंच्या टोकनला गोंडा लावून दिला. जानेवारी २०२१मध्ये संसदेत सांगण्यात आले की फौजदारी तपासासाठी पोलीस ही माहिती घेऊ शकतात, आणि एका खुनाच्या तपासात त्यांनी ती मागितलीही होती. पुढच्या महिन्यात कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. खुनाचा तपास व्हावा याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण त्या तीन घरांपैकी एका काकूंनी मला फोन करून विचारले, “तू तर म्हणाली होतीस ना?” आणि मला वाटले की सरकारने माझा शब्द मला न विचारता खर्च केला.

आता थोडे अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. आमचा धाकटा पंधरा वर्षांचा आहे. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, आहोत, त्यामुळे दुसऱ्या पिढीचा पीआर म्हणून त्याला अठराव्या वर्षी दोन वर्षांची एनएस, म्हणजे सक्तीची राष्ट्रीय सेवा, लागू आहे. त्याला दीड वर्षासाठी पुण्याला आजी-आजोबांकडे राहून तबला शिकायचा आहे, आणि इतका काळ बाहेर राहायला त्याच्या वयाच्या मुलाला एक्झिट परमिट लागते. तो परत येणार आहे, एनएस चुकवायचा आमचा विचार नाही. पण पुढे त्याने पीआर सोडायचे ठरवले, तर मोठ्या मुलीच्या अर्जावर किंवा ह्यांच्या पीआरवर त्याचा काही परिणाम होतो का? मुक्काम_पोस्ट, तुमचा मुलगा याच वयाचा असताना तुम्ही परतलात असे तुमच्या जुन्या एका धाग्यावर वाचल्याचे आठवते. तुम्ही नेमके काय केले होते?

मुक्काम_पोस्ट

ताम्हणताई, आम्ही जे केले ते सगळे नियमाला धरूनच होते. तरी सविस्तर उत्तर इथे लिहीत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, तो पाहावा.